सहावं ताट

आमच्या सरांनी एकदा धाडचा आठवडी बाजार मोजला. माल नव्हे, माणसं. सकाळच्या एसटीनं उतरले आणि बोट पुढं करून जे सुरू झाले ते उन्हं कलेपर्यंत. मिरच्यांच्या ढिगामागच्या बाया, बैलांचे दलाल, चपला सांधणारे, फुगेवाला, फुगेवाल्यामागची पोरं, कोणालाही सोडलं नाही. एका म्हातारीनं नातू पदराखाली लपवला, तर सर तिच्यासमोर ठाण मांडून उभे राहिले आणि पदर हलला तसा त्यांनी तोही आकड्यात टाकला. संध्याकाळी चिखलीला येऊन माझ्या प्रेसमधल्या लाकडी खुर्चीत बसले, बूट काढले आणि म्हणाले, "भाऊ, एक जास्त भरून राह्यला."

आख्ख्या बाजारात एक माणूस जास्त, म्हणजे नेमका कशाच्या मानानं जास्त, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी चहा सांगितला.

माझ्या बोलण्यात तिखट जरा जास्त पडतं, अशी माझी गावभर ख्याती आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याला ती सवय लागतेच. चार एकरवाल्याला 'सुप्रसिद्ध बागायतदार' केल्याशिवाय पत्रिका पुरी होत नाही. पण सरांच्या बाबतीत मी उलट थोडं काढूनच सांगतो आहे. सगळं सांगितलं तर तुम्ही उठून जाल. आणि सर आता नाहीत, त्यामुळे माझं खोडून काढायलाही कोणी नाही.

सर उंद्रीजवळच्या एका खेड्यात शाळेवर होते. इतके उंच आणि इतके बारीक की फळ्याजवळ उभे राहिले तर पोरं त्यांना पट्टी समजून रेघ मारायला घ्यायची. लग्न केलेलं नाही, सख्खं कोणी उरलेलं नाही, आणि लिहायचे काय, तर लहान मुलांच्या कविता. त्याही एकाच विषयावर. आई, बाबा, दादा, ताई आणि मी रानात मुक्कामाला जातो. बस्स. चांदोबा, मनीमाऊ, आजीचा चष्मा, यांना त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. तंबू, खुंट्या, तीन दगडांची चूल, ओढ्याचं पाणी, आणि तंबूत ओळीनं झोपलेलं एक घर.

आमच्याकडं देवाचे रोडगे करायला आख्खं घर गाडीत बसून रानात जातं, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतं, वांग्याच्या भाजीशी खातं आणि सांजेला परत येतं. सरांच्या कवितेतलं घर कधी परत येत नसे. ते तिथंच राही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांची एक कविता तेव्हा शाळाशाळांत पाठ होती:

चादर एक, उशा चार,
पाय मोजा, झाले फार.
दोन त्यातले थंडगार,
हलू नका, होतील पसार.

वर्गात ही म्हणताना पोरं पोट धरून हसायची आणि घरी गेली की पाय पोटाशी आखडून झोपायची. एक बाई शाळेत येऊन सरांना तावातावानं म्हणाली की तिचा मुलगा आता झोपताना मोजे मागतो. सर शांतपणे म्हणाले, "द्या ना मंग. अन् दोन जास्तीचे उशाशी ठेवत जा." त्या बाईनं पुढच्याच आठवड्यात मुलाचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं.

जिथं आपण झोपलो नाही तिथली कविता लिहायची नाही, असा सरांचा नेम होता. आता एकट्या माणसाचा मुक्काम म्हणजे काही घराचा मुक्काम नव्हे. म्हणून सुट्टी लागली की सर घर मागायला निघत, लोक जसा ट्रॅक्टर मागतात तसं. "एका दिवसासाठी द्या, उद्या सांजेले आणून सोडतो." आणि लोक देत. शिक्षक माणूस, व्यसन नाही, रोडगे उत्तम भाजतो, पोरांना गोष्टी सांगतो. माझ्या माहितीतली निदान वीस घरं सरांनी अशी वापरून, धुऊन-पुसून परत केलेली आहेत.

तंबू त्यांनी चिखलीच्या मंडपवाल्या चाचांकडून जुन्या मांडवाच्या कापडाचा शिवून घेतला होता. लाल-पिवळा, कडेला झालर. दुरून पाहणाऱ्याला वाटे, कोणीतरी रानात लग्न लावलं आणि नवरा-नवरीला तिथंच विसरून वऱ्हाड निघून गेलं. माप देताना मी हजर होतो. चाचा कापडावरून मान वर न करता म्हणाले, "सर, आदमी पाच बोलते, नाप छेका देते. इस्कूल में तुमकू गिनती पढाने कायकू रखे?" सर म्हणाले, "छेकाच शिवा, चाचा." चाचांनी शिवला, पण पुढं कितीतरी दिवस ते मला विचारत की तो सहावा कोण, आणि त्याची उंची किती.

मुक्कामाचे नियम कडक. तंबूतून बाहेर पडताना 'मी चाललो' म्हणायचं आणि आत येताना 'मी आलो'. एका बँकवाल्याच्या बायकोला याची इतकी सवय लागली की घरी न्हाणीघरात जातानाही ती ओरडून सांगू लागली. नवरा वैतागून सरांकडं तक्रार घेऊन आला. सरांनी त्याला एकच विचारलं, ती बाहेर आल्यावर सांगते का. तो म्हणाला, सांगते. "मंग तुमचं काय बिघडलं?"

शेगावला दर्शनाला गेले तर एकटे असून दोन खाटांची खोली घेत. लॉजवाल्यानं वहीत 'एक' लिहिलं की खिशातून पेन काढून तो आकडा खोडत. एकदा मी शेजारच्या खोलीत होतो. सकाळी त्यांना हाक मारायला गेलो तर दोन्ही खाटांवरच्या चादरी चुरगळलेल्या. मी थट्टेनं म्हटलं की रात्री खाट बदलता काय. सर दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मी कायले बदलू?" मी खोलीबाहेर आलो. चपला पायात घातल्या आणि खाली चहाच्या गाडीवर जाऊन पहिल्या कपातच चार चमचे साखर टाकली.

आता आमच्या भागात एक गोष्ट आहे. माणसं मोजत नाहीत. गुरं मोजा, पोती मोजा, पण जित्या माणसावर बोट ठेवून आकडा म्हटला की नजर लागते, एक कमी होतो. पंगतीला किती जण, हे पाहायचं तर ताटं मोजायची. त्यामुळे लग्नात सरांची उंच मान दिसली की बाया लेकरं घेऊन मांडवामागं जायच्या. एका नवरीच्या आजीनं तर त्यांचं बोटच धरलं आणि पंगत उठेपर्यंत सोडलं नाही. सर दुसऱ्या हाताचं बोट वापरत होते, हे तिला दिसलं नाही.

तर अशा सरांचं पुस्तक छापायचं काम माझ्याकडं आलं. सोळा कविता. मुद्रितं मीच तपासतो. माझी वहिवाटच आहे. पत्रिकांवरच्या चार-चार ओळीही माझ्याच असतात, त्यामुळे आपण अर्धे कवी आहोत असा माझा समज होता. पहिलीच कविता अशी:

आई घेते पुडीत मीठ,
बाबा ठोकती खुंटी नीट,
दादा आणतो काड्या दहा,
ताई मांडते ताटं सहा.

आई, बाबा, दादा, ताई आणि सांगणारं लेकरू. पाच. ताटं सहा. मी तीनदा मोजलं. मास्तर माणसाचं गणित चुकलेलं पुस्तकात गेलं तर लोक मला हसतील, म्हणून मी सरांना न विचारता शेवटच्या दोन ओळी दुरुस्त केल्या:

दादा म्हणतो, 'धडा वाच',
ताई मांडते ताटं पाच.

रानात मुक्कामाला गेल्यावर कोणता दादा धडा वाचायला सांगेल, हा प्रश्न मला पडला नाही. यमक जुळलं की माझ्यासारख्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. पाचशे प्रती छापल्या, शिवल्या, कापल्या, गठ्ठे बांधले.

सर आले. एक गठ्ठा सोडला, पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्या वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत. ते हलता हलता थांबले. कटिंग मशीन चालू होतं, मी ते बंद केलं. सर म्हणाले, "जेवत्या लेकराले उठवलं तुम्ही."

मी विचारलं, कोणत्या लेकराला. मग त्यांनी सांगितलं. खुर्चीत बसले नाहीत, पुस्तक हातात तसंच उघडं धरून सांगितलं.

सर दहा वर्षांचे असताना त्यांचं घर दोन बैलगाड्यांतून रोडगे करायला उंद्रीच्या वरच्या डोंगरात गेलं होतं. ओढ्याकाठी मोहाचं झाड, झाडाखाली शेंदूर लावलेले आसरांचे दगड. आसरा म्हणजे पाण्यातल्या देव्या, त्यांच्या नावानं एक पत्रावळ वाढायची असते. घरची माणसं अकरा. त्यात पाच वर्षांची धाकटी बहीण, बेबी. निघायच्या वेळी आईनं सरांना सांगितलं, पत्रावळी मोज. माणसं मोजायची नसतात ना. त्यांनी मोजल्या. अकरा उष्ट्या पत्रावळी. सगळे आहेत, असं ओरडून सांगितलं आणि पुढच्या गाडीत जाऊन बसले.

त्यातली एक पत्रावळ आसरांची होती. ती कोणी खाल्ली, गड्यानं की कुत्र्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बेबी जेवायला बसलीच नव्हती. पुढच्या गाडीला वाटलं ती मागच्या गाडीत, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. घरी पोचल्यावर समजलं तेव्हा अंधार पडला होता आणि वाटेतला नाला भरला होता. माणसं उजाडल्यावर गेली. झाडाखाली कोणी नव्हतं. आठ दिवस ओढा, कपारी, विहिरी धुंडाळल्या. फ्रॉकची चिंधीदेखील मिळाली नाही.

"मोजलं मी होतं," सर म्हणाले. "आईनं मले कधी बोल लावला नाई. बापानंही नाई. पण मले एकच समजून घ्याचं हाय, भाऊ. आम्ही निंगालो तशी ती कुठं गेली, का बसून राह्यली आमची वाट पाहात? वाट पाह्यली असंन तं किती वेळ? तेवढं समजल्याशिवाय मले परतीची कविता लिहिता येत नाई. साऱ्या जायाच्याच हायत."

मी चाळून पाहिलं. खरंच. सोळाच्या सोळा जाण्याच्या.

तरीही मी हेकट माणूस. पाचशे प्रती रद्दीत घालायला मन होईना. सरांनी तसं सांगितलंही नाही. ते नुसते निघून गेले. मी पुस्तकं शाळांना फुकट वाटून टाकली आणि त्या बदल्यात उंद्रीकडच्या एका शाळेनं मला कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा केलं. नारळ, शाल, सगळं रीतसर. चाळीस-पन्नास पोरं हातात पुस्तक धरून कविता म्हणायला उभी राहिली. 'दादा म्हणतो, धडा वाच,' इथवर ठीक. पुढं सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, 'ताई मांडते ताटं सहा.'

बाईंना वाटलं गडबड झाली. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा सहा. यमक मोडत होतं, तरी एकही पोर अडखळलं नाही. मी पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीजवळ गेलो आणि ओळीवर बोट ठेवून विचारलं, इथं काय लिहिलंय. तिनं बरोबर वाचलं, पाच.

"मंग सहा काऊन म्हणते, बाळा?"

"ते उभीच राह्यली ना मंग," पोरगी म्हणाली, आणि माझ्या मागं बघितलं.

मी शाल तिथंच विसरून घरी आलो. पण घरीही सुख नव्हतं. आम्ही चौघं. मी, बायको, नऊ वर्षांची मोठी आणि पाच वर्षांची धाकटी. त्या आठवड्यात बायको रोज पाच ताटं घ्यायला लागली. पहिल्या दिवशी मी हसलो, दुसऱ्या दिवशी ती हसली, तिसऱ्या दिवशी भांडण झालं. ती म्हणाली, तुम्हीच तर आत येताना म्हणालात की कोणी सोबत आहे. मी असं काही म्हणालो नव्हतो. मी आत येताना काहीच म्हणालो नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळीच मी सरांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, पुस्तक परत छापतो, सहा म्हणजे सहा, सुटका करा. सर म्हणाले की पुस्तकाचं पुढं पाहू, आधी एक दिवस घर द्या. कुठं न्यायचं, तर त्याच मोहाखाली. एवढ्या वर्षांत ते साऱ्या जिल्ह्यात तंबू ठोकून आले होते, फक्त तिथं गेले नव्हते. पाय उचलत नाही, म्हणाले. मी घरी येऊन हा बेत बायकोला भीत भीत सांगितला. ती पोळ्या लाटत होती. तिनं एवढंच विचारलं की वांगी किती घ्यायची.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. मेव्हण्याची पिकअप घेतली. पुढं मी आणि बायको, मागं तंबू, गोवऱ्या, दोन्ही पोरी आणि सर. उंद्री मागं टाकून डोंगराकडं वळलो. जागा दिसली तेव्हा ते आधी उतरले नाहीत. मोठीनं हात धरून उतरवलं.

मोहाचं झाड होतं. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. दगडांवरचा शेंदूर ताजा होता, म्हणजे लोक येत-जात होते. मी धीर करून मोठमोठ्यानं बोलत राहिलो. खुंट्या ठोकल्या, रोडगे भाजले, धूर डोळ्यांत घेतला. ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं तेव्हा सरांनी ताटं मांडली. सहा. सहावं त्यांनी दगडांजवळ ठेवलं नाही, माझ्या दोन पोरींच्या मध्ये ठेवलं आणि त्यात वाढलं. रोडगा कुस्करून, तूप घालून, लहान लेकराला वाढतात तसं.

मी ठरवलं होतं, त्या ताटावरून डोळा हलवायचा नाही. कुत्रं येवो, कावळा येवो, खुद्द आसरा येवोत. जेवलो तेही तिरकं बघत. मग बायकोनं मीठ मागितलं. पुडी माझ्या मांडीखाली गेली होती. ती काढून दिली, तेवढाच वेळ. पाहतो तर ताट पुसल्यासारखं. कुत्र्यानं खाल्लं म्हणाल, तर भाजीतल्या वांग्यांचे देठ ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवणारं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही. सहा देठ, सारखं अंतर सोडून.

सर त्या देठांकडं बघत राहिले. "बेबी असेच लावे," म्हणाले. "अन् आई रागवे, का अन्नाशी खेळू नाई."

पोरी मात्र मजेत होत्या. मी दोघींना दरडावून विचारलं. मोठी म्हणाली की तिनं तर पाहिलंच नाही. धाकटी म्हणाली की तिनं पाहिलं, पण सांगायचं नाही असं ठरलं आहे. कोणाशी ठरलं, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

रात्रीबद्दल मी एवढंच सांगेन की मी पाय गुडघ्यापर्यंत पोत्यात घालून झोपलो.

सकाळी धुकं होतं, दात वाजत होते. तंबू उतरवला, घडी केली, गाडीत टाकली. मी चाकाखालचे दगड काढायला खाली वाकलो होतो तेव्हा सरांचा आवाज आला की मी मागं बसतो लेकरांजवळ. थंडी म्हणून मागची मंडळी डोक्यावरून गोधड्या पांघरून बसली. मी पुढं चढलो, पाठीमागच्या काचेतून पाहिलं. तीन गोधड्या, तीन डोकी. मागं वळून ओरडलो, "तिघं बसले का?" मोठीचा आवाज आला, "हो, तिघं बसलो." गाडी काढली.

उंद्रीत चहाला थांबलो. हॉटेलवाला ओळखीचा. मी दोन चहा सांगितले आणि मागच्यांना काय हवं ते विचार म्हटलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, लेकरांले तीन कप दूधच आणू ना?"

मी म्हटलं, दूध दोन, एक चहा, मागं सर आहेत.

"सर कुठं? तीन पोरीच तं हायत."

माझ्या आधी बायको उतरली. तिनं जाऊन गोधड्या ओढल्या. पहिलीखाली मोठी, दुसरीखाली धाकटी. तिसरी हातात नुसती लोंबत आली. आत कोणी नव्हतं, पण बायको नंतर म्हणाली की ती उबदार होती.

मोठी रडवेली होऊन म्हणाली की सर चढलेच नाहीत, झाडाकडं परत गेले, आणि सांगू नका म्हणाले. मग मला खोटं का सांगितलंस, असं मी गरजलो तर ती हुंदका देत म्हणाली, "पप्पा, तुम्ही इचारलं तिघं बसले का. आम्ही तिघी होतो ना."

चहा तसाच राहिला. त्या डोंगराच्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा देवाचं नाव घेत जाते, तिथून मी पिकअप अशी नेली की चाकं जमिनीला लागत होती ती केवळ ओळख ठेवायला. माझ्या डोक्यात ओढा होता, कपारी होत्या, आणि रिकामं झाड होतं.

झाड रिकामं नव्हतं. सर मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती. एवढा उंच माणूस, पण पोत्यात मावेल एवढासा झाला होता. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत.

"किती वेळ झाला, भाऊ?"

"पाऊण तास," मी म्हणालो. शिव्या ओठांवर आल्या होत्या, त्या गिळल्या.

"मी हाललो नाई," सर म्हणाले. "गाडी वळणाआड गेली तवा वाटलं, पळावं मागून. मंग वाटलं, आपण इथून हाललो तं न्याले आलेल्या माणसाले सापडू कसे. म्हणून बसून राह्यलो. लेकरू हालत नाई, भाऊ. आम्ही त्याच सांजेले बैल फिरवले असते तं बेबी इथंच होती."

यावर वाढवून काय सांगणार, आणि कमी काय करणार. चाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांना समजावी अशी माझीही इच्छा होती, पण कळलं ते हे, की ती वाटच पाहत होती. बायको पुढं झाली. तिनं सरांच्या अंगावर ती तिसरी गोधडी घातली आणि म्हणाली, "सर, आम्ही आलो ना न्यायले. चला, उठा." ते तिचा हात धरून उठले. चालताना त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. मला वाटलं होतं, पाहतील.

त्यांना पुढं घेतलं, माझ्या आणि बायकोच्या मध्ये. पोरींना पुढं घ्यायला जागा नव्हती, म्हणून त्या मागंच बसल्या. मी चावी फिरवणार तेवढ्यात बायको म्हणाली, "आता तुम्ही मोजा. तोंडानं. बोट लावून."

मी आयुष्यात पोटच्या पोरींवर बोट ठेवून आकडा म्हटला नव्हता. तेव्हा म्हटला. मी एक, बायको दोन, सर तीन. मागं वळून काचेतून मोठी चार, धाकटी पाच. सर समोर बघत होते.

मागं गाडी मोकळी होती. दोन म्हशी आरामात बसल्या असत्या एवढी जागा. आणि एवढ्या जागेत माझी धाकटी सरकली. बहिणीला चिकटली, आपल्या गोधडीचं टोक उचलून धरलं, आणि कोणी आत येईपर्यंत धरून ठेवावं तसं बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.

"सहा," मी म्हणालो, आणि गाडी काढली.